हातातल्या फोनवर घरबसल्या कमाई होते का?

दसरा झाला की आपल्या जिल्ह्यात वस्त्या आणि तांडे रिकामे व्हायला लागतात. ट्रॅक्टर-ट्रक भरतात, कोयते निघतात, आणि पुढचे पाच-सहा महिने घरात म्हातारी माणसं आणि काही लेकरं एवढीच उरतात. नेमक्या याच दिवसांत बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न निघतो. फोनवर काम करून घरबसल्या पैसे मिळतात म्हणे, ते खरं का? आणि खरं असेल तर यंदा कारखान्यावर जायचं टळेल का?

उत्तर आधीच सांगून टाकते. पैसे मिळतात. पण ते लवकर मिळत नाहीत, दर महिन्याला सारखे मिळत नाहीत, आणि पहिल्याच वर्षी उचल फिटेल एवढे तर धरूनच चालू नका. हातातलं काम सोडून याच्या मागं लागायचं नाही. ते काम चालू ठेवून, त्याच्या बाजूला हे उभं करायचं. कसं, ते आता बघू.

पण त्याआधी खोट्या कामाचं बोलावं लागेल, कारण आपल्यापर्यंत पहिल्यांदा पोहोचतं ते खोटं कामच. व्हॉट्सअॅपवर निरोप येतो, “घरबसल्या पेन्सिली पॅक करा, महिना तीस हजार.” किंवा “फॉर्म भरायचं काम आहे, आधी नोंदणीचे पाचशे रुपये पाठवा.” तुम्ही ऊसतोडीचा व्यवहार जाणता. तिथं मुकादम कसाही असो, काम करून घ्यायचं म्हणून आधी पैसे तो देतो. इथं काम देणाराच तुमच्याकडून उचल मागतो! जो कामाला लावायच्या आधी पैसे मागतो, नोंदणीचे, कुरिअरचे, ओळखपत्राचे, ट्रेनिंगचे, कशाचेही, तो काम देणारा नसतो. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मे चोर दारातूनच परत जातात.

उरलेले निम्मे जास्त हुशार असतात. ते आधी पैसे देतात. टेलिग्रामवर एका ग्रुपमध्ये घेतात, दोन व्हिडिओला लाइक करायला सांगतात आणि खरोखर शंभर-दीडशे रुपये खात्यात टाकतात. विश्वास बसला की सांगतात, आता मोठं काम आहे, त्यासाठी हजार भरा, तेराशे परत मिळतील. तेही मिळतात. मग पाच हजार, मग वीस हजार, आणि मग सगळं बंद. ग्रुपमध्ये “मला मिळाले, मला मिळाले” म्हणणाऱ्या बाकीच्या बायका त्यांचीच माणसं असतात. ज्यादा व्याजाच्या लोभानं ठेवी ठेवून पोळलेली घरं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. हा खेळ त्याच जातीचा आहे, फक्त पाटी नाही आणि ऑफिसही नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत वाईट. “तुमचं खातं महिनाभर वापरायला द्या, पाच हजार भाडं देतो.” असं भाड्यानं दिलेलं खातं दुसऱ्या कुणाचे तरी लुबाडलेले पैसे फिरवायला वापरतात. पैसे ज्याचे गेले तो तक्रार करतो, खातं गोठतं आणि पोलीस येतात ते तुमच्या दारात, कारण नाव तुमचं असतं. गटाचं खातं असं कुणाच्या हाती गेलं तर पंधरा घरांची बचत अडकली म्हणून समजा. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब 1930 या नंबरवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. आणि हेही घोकून ठेवा, की पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

आता खऱ्या कामाकडे वळू.

फोनवरच्या खऱ्या कामात आपल्याला सगळ्यांत जवळचं काम आवाजाचं आहे. फोनला आपण बोललेलं कळावं म्हणून त्याला भाषा शिकवावी लागते, आणि त्यासाठी हजारो माणसांचे आवाज लागतात. पुस्तकातल्या मराठीचेच नव्हे, तर आष्टीच्या, गेवराईच्या, परळीच्या बोलण्याचेही. “व्हय, आलेच की” हे फोनला कळायचं तर ते कुणीतरी आधी बोलून दाखवायला हवं. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था ‘वाणी’ नावाच्या प्रकल्पात जिल्ह्या-जिल्ह्यातून अशी बोली गोळा करते. माणसाला चित्र दाखवतात आणि त्यात काय दिसतं ते आपल्या बोलीत सांगायला लावतात. बेंगळुरूचीच ‘कार्या’ ही 2021 साली सुरू झालेली संस्था गावाकडच्या लोकांना फोनवर असंच काम देते. वाक्य पडद्यावर येतं, ते मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचं, दुसरं कुणीतरी ते तपासतं, आणि पैसे खात्यात येतात. तासाला निदान पाच डॉलर, म्हणजे चारशेच्या वर रुपये, हा त्यांचा दर 2023 साली जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजला. आपल्या शेतमजुरीशी ताडून बघा.

ऐकून डोळे मोठे झाले असतील, तर पुढचंही ऐका. हे काम रोज नसतं. एक प्रकल्प येतो, एकेका बाईला काही तासांचं, फार तर काही दिवसांचं काम मिळतं आणि ते संपतं. पुढचं कधी येईल हे कुणी सांगत नाही. म्हणजे ही नोकरी नाही, हंगाम आहे. हंगामावर जगायचं कसं हे आपल्याला शिकवायची गरज नाही, पण हा हंगाम पंचांग बघून येत नाही! शिवाय काही ठिकाणी आवाज दान म्हणून घेतात. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’चं भाषादान तसं आहे. काम चांगलं आहे, पण तिथं मोबदला नाही. सुरू करायच्या आधीच विचारायचं, पैसे मिळणार का, तासाला की वाक्याला, आणि वाक्य नापास झालं तर काय? नापास होण्याचं कारण बहुतेक वेळा मागचा आवाज असतो, पंख्याचा, कोंबड्यांचा, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा. पहाटे, नाहीतर लेकरं शाळेत गेल्यावर बसायचं. आणि आपला आवाज कशासाठी वापरणार, हे लिहिलेलं असतं ते कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. आवाज आपला आहे. देताना माहीत असायला हवं.

दुसरं काम व्हिडिओचं. इथं उदाहरणासाठी लांब जायला नको. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरमधल्या, सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आजींचं ‘आपली आजी’ हे चॅनल तुमच्यातल्या कितीतरी जणींनी बघितलं असेल. आजी शाळेत गेलेल्या नाहीत. नातू यश पाठक यानं पावभाजी करायला सांगितली आणि ती कशी करतात ते यूट्यूबवर दाखवलं. आजी म्हणाल्या, याहून चांगली मी करीन. तिथून 2020 साली हे सुरू झालं आणि काही महिन्यांत लाखो लोक आजींच्या हातचं बघायला लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुणीतरी ते चॅनलच चोरलं, म्हणजे त्याचा ताबा घेतला. चार दिवसांनी ते परत मिळालं. चार दिवस आजींच्या घरात काय वाटलं असेल, ते भरल्या खळ्याला आग लागलेली ज्यानं बघितली त्याला कळेल. म्हणून पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, आणि ‘टू स्टेप’ नावाचं दुहेरी कुलूप पहिल्याच दिवशी लावायचं. गावातल्या मोबाइलच्या दुकानात चॅनल उघडून घेतलं असेल तर त्या पोराच्या फोनवरून तुमचं खातं काढायला लावा, आणि हे तुमच्या डोळ्यांदेखत झालं पाहिजे.

आता हिशोब. व्हिडिओ टाकला की पैसे सुरू होत नाहीत. जाहिरातीतला वाटा मिळायला चॅनलचे 1000 सभासद हवेत, आणि वर्षभरात लोकांनी मिळून 4000 तास बघितलेलं हवं. छोट्या उभ्या व्हिडिओंसाठी वेगळा नियम आहे, 90 दिवसांत 1 कोटी वेळा बघितलं जायला हवं. 4000 तास म्हणजे किती? समजा, एक माणूस तुमचा व्हिडिओ सरासरी तीन मिनिटं बघतो. तर 80,000 वेळा तो बघितला जायला हवा. गावातल्या सगळ्यांनी दोन-दोनदा बघितलं तरी ते पुरत नाही! तिथून पुढे मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचा 55 टक्के वाटा आपल्याला आणि 45 टक्के यूट्यूबला मिळतो. पैसे खात्यात येतात ते 100 डॉलर साठल्यावर. त्याआधी, 10 डॉलर झाले की, पत्ता खरा आहे का हे बघायला गूगल एक पिन नंबर चक्क पोस्टानं पाठवतं. पिनकोड बरोबर लिहा, पोस्टमनला तुमचं घर ज्या नावानं माहीत आहे ते नाव पत्त्यात घाला आणि त्याला आधीच सांगून ठेवा. चार महिन्यांत तो नंबर भरला नाही तर जाहिराती बंद होतात. एका साध्या पाकिटावर हे सगळं अडतं.

व्हिडिओत सिनेमाची गाणी घालू नका. गाणं ज्याच्या मालकीचं, तो हक्क सांगतो आणि पैसे त्याच्याकडे जातात. त्यापेक्षा आपल्या जात्यावरच्या ओव्या काय वाईट? माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या 1996 साली रेकॉर्ड झाल्या आणि आज ‘पारी’च्या संग्रहात जगभरातून ऐकल्या जातात. आपल्या तोंडी असलेलं कुणाला ऐकावंसं वाटत नाही, असं निदान या जिल्ह्यात तरी म्हणू नये.

“आमच्या घरात चेहरा दाखवायला चालत नाही,” असं काही जणी म्हणतात. मग हात दाखवा. भाकरी थापणारे हात, गोधडी शिवणारे हात, नऊवारी नेसवणारे हात. आवाजही पुरतो. घराचं दार, लेकरांची शाळा, शाळेचा गणवेश मात्र चित्रात येऊ देऊ नका. आणि खाली लोक घाण लिहितातच. ते वाचून रडायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही. ते काढून टाकता येतं आणि त्या माणसाला अडवताही येतं.

तिसरं काम लिहिण्याचं. दहावी-बारावी झालेल्या आपल्या सुनांना आणि लेकींना हे जमण्यासारखं आहे. ‘प्रतिलिपी’ नावाचं अॅप 2014 साली बेंगळुरूत सुरू झालं. तिथं मराठीतही कथा, कादंबऱ्या फोनवरच लिहितात आणि फोनवरच वाचतात. तिथं चालतात त्या भागाभागानं येणाऱ्या गोष्टी, टीव्हीवरच्या मालिकेसारख्या. सासू-सुना, प्रेम, भुतंखेतं. वाचक वर्गणी भरतात, त्यातला वाटा लिहिणारीला मिळतो. अॅमेझॉनच्या किंडलवर 2016 च्या अखेरीपासून मराठी पुस्तकं आहेत, आणि तिथं पुस्तक टाकायला कुणाला एक रुपयाही द्यावा लागत नाही. “तुमचं पुस्तक ऑनलाइन छापून देतो, पंधरा हजार द्या” म्हणणारा भेटला, तर तो कुणाच्या पैशावर जगतो ते तुम्हीच ओळखा. माझं मत विचाराल तर नुसत्या प्रेमकथांच्या मागं लागण्यापेक्षा ऊसतोडीच्या फडावरची गोष्ट लिहा. कोपीत रात्र कशी जाते, बाळंतपण कुठं होतं, लेकराची शाळा कशी सुटते. पुण्या-मुंबईच्या बाईला ते लिहिता येणार नाही.

एक मोठी अडचण उरली, ती फोनची नाही, मालकीची आहे. फोन नवऱ्याचा, सिम दिराचं, खातं सासऱ्याचं, आणि काम तुमचं, असं झालं तर पैसे कुणाचे होतात ते तुम्ही जाणता. ‘लाडकी बहीण’च्या निमित्तानं 2024 पासून कितीतरी जणींची स्वतःच्या नावाची, आधारशी जोडलेली खाती सुरू झाली. तेच खातं इथं द्या, आणि सिमही आपल्या नावावर करून घ्या. घरात एकच फोन असेल तर गटातल्या तिघी-चौघींनी मिळून एक घ्यावा आणि वेळ वाटून घ्यावा, जशी पाण्याची पाळी वाटतो तशी. गटाचं कर्ज फोनला घेतलं तर समजू शकते. “यूट्यूब शिकवतो” म्हणणाऱ्याच्या दहा हजारांच्या कोर्सला मात्र घेऊ नका. तो जे शिकवतो ते यूट्यूबवर फुकट आहे.

आणि एक वही घाला. तारीख, किती तास बसले, रिचार्जला किती गेले, हातात किती आले. सहा महिन्यांनी रिचार्ज वजा करून आलेल्या रकमेला तासांनी भागा. खुरपणीच्या मजुरीपेक्षा आकडा फारच खाली असेल तर ते काम सोडा किंवा त्याची रीत बदला. जवळपास असेल तर पुढच्या दसऱ्याला मुकादम दारात येईल तेव्हा ती वही घरच्यांसमोर ठेवा, आणि दोघांनी जायचं की एकानं, का कुणीच नाही, ते आकडे बघून ठरवा.