फझी शब्दशोधातील अनपेक्षित जुळण्या

ग्रंथसूची आणि जुन्या ग्रंथांचे पाठ संगणकावर उपलब्ध झाल्यापासून शब्दशोधाचे काम पुष्कळ सुकर झाले आहे. लेखनभेद किंवा मुद्रणदोष यांमुळे इष्ट शब्द निसटू नये, म्हणून थोडी तफावत चालवून घेणारा ‘फझी’ शोध योजला जातो. तथापि या शोधात कधी असंबद्ध शब्द पुढे येतात, तर कधी मजकुरात स्पष्टपणे असलेला शब्दच सापडत नाही. या दोन्ही गोष्टींचे मूळ दोषांक मोजण्याच्या रीतीत आहे.

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतील फ्यूज.जेएस ही लायब्ररी उदाहरणादाखल घेता येईल. तीत जुळणी स्वीकारावी की नाही हे ठरविणारा दोषांक दोन भागांचा असतो. चुकलेल्या चिन्हांच्या संख्येस शोधशब्दाच्या चिन्हसंख्येने भागले असता पहिला भाग मिळतो. जुळणी अपेक्षित स्थानापासून जितकी चिन्हे दूर असेल, त्या अंतरास १०० ने भागले असता दुसरा मिळतो. वापरणाऱ्याने बदल न केल्यास अपेक्षित स्थान म्हणजे मजकुराचा आरंभ, आणि दोषांकाची कमाल मर्यादा ०.६ असते.

आता ‘कवी’ हा शब्द पाहावा. संगणकाच्या लेखी त्यात तीन चिन्हे आहेत : क, व आणि दीर्घ वेलांटी. ‘कवि’ या जुन्या लेखनात त्यांपैकी एक बदलते. ‘रवी’ या शब्दातही एकच बदलते. मजकुराच्या आरंभी आल्यास दोहोंचा दोषांक सुमारे ०.३३ होतो व दोन्ही स्वीकारले जातात. लेखनभेद कोणता आणि निराळा शब्द कोणता, हा विवेक या गणितात नाही. ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द वाचकास चार अक्षरांचा दिसतो. परंतु हलन्तचिन्हे व मात्रा धरून संगणक त्यात अकरा चिन्हे मोजतो. त्यांतील सहा चुकली तरी दोषांक ०.५५ च्या आतच राहतो.

याउलट हाच शब्द अगदी शुद्ध रूपात, पण मजकुराच्या आरंभापासून २०० चिन्हांवर आला असेल, तर चुकांचा भाग शून्य असूनही अंतराचा भाग २ होतो आणि ती जुळणी त्याज्य ठरते. किंबहुना ६० चिन्हांपलीकडील निर्दोष जुळणीही मर्यादेबाहेर जाते. लहान शीर्षकांच्या यादीत ही रीत सोयीची ठरते; दीर्घ पाठात मात्र ती दिशाभूल करते.

स्थानाचा विचार वगळण्याची सोय या लायब्ररीत आहे. परंतु तसे केल्यास संपूर्ण मजकूर तपासला जाऊन असंबद्ध जुळण्या वाढतात. म्हणून दोषांकाची मर्यादाही त्याबरोबर खाली आणावी लागते.

संशोधनाच्या दृष्टीने खरा धोका नकारात्मक निष्कर्षाचा आहे. ‘अमुक ग्रंथात हा शब्द आढळत नाही’ हे विधान अशा शोधावर आधारलेले असेल, तर ते ग्रंथाविषयीचे नसून निवडलेल्या मर्यादांविषयीचे असू शकते. म्हणून असे विधान करण्यापूर्वी हुबेहूब शोधही घ्यावा, आणि फझी शोधाच्या मर्यादा निष्कर्षासोबत नोंदवाव्यात, हे श्रेयस्कर होय.