आचाऱ्यांचे आचार्य कसे झाले?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या गेल्या शिबिरात आम्ही खेड्यातील वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या व त्यांचा छोटा अहवाल छापावयाचे ठरले. सात जणांनी सात ठिकाणी मजकूर टंकित केला. कोणी घरच्या संगणकावर, कोणी मोबाइलवर, तर दोघांनी बाजारातील टंकलेखनाच्या दुकानात. साऱ्या फायली एकत्र करण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिले मुद्रित हाती आले आणि पाचव्या पानावर सारेच थबकले. लग्नसराईत स्वयंपाकाला जाणाऱ्या एका आजोबांनी सांगितले होते : 'आम्हा आचाऱ्यांना पंगती उठल्यावरच जेवायला मिळायचं.' छापले गेले होते : 'आम्हा आचार्यांना पंगती उठल्यावरच जेवायला मिळायचं.' प्राध्यापकांच्या खोलीत यावर बराच हशा पिकला. मला हसू येईना. आजोबांना वाचता येत नाही. आपल्या तोंडी काय घातले गेले, हे त्यांना कधीच कळले नसते.

हे घडले कसे, याचा शोध घेताना जे कळले ते येथे मांडतो. पुढील वर्षी अहवालाचे काम ज्यांच्या गळ्यात पडेल, त्यांना उपयोग होईल.

पूर्वी जुळारी खिळा खिळा लावून मजकूर जुळवीत असे. म्हणजे छपाईपूर्वी एक माणूस प्रत्येक अक्षर पाहत असे. आता आपली वर्डमधील फाईल पानांची मांडणी करणाऱ्या प्रणालीत जशीच्या तशी ओतली जाते. पुन्हा कोणी टंकित करीत नाही. वेळ वाचतो खरा, पण आपले दोषही सुखरूप पोहोचतात.

संगणक अक्षर जाणत नाही, क्रमांक जाणतो. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली व देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले. परंतु छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट बरीच वर्षे टिकून राहिले. त्यांची युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवावयाचा. कृतिदेव फॉन्टमध्ये डी, ई, वाय या कळा दाबल्या की पडद्यावर 'कमल' उमटते, पण फाईलमध्ये डी, ई, वायच असते. फॉन्ट नसलेल्या संगणकावर कमळ नाहीसे होऊन ती तीन इंग्रजी अक्षरे उरतात. शिवाय या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाआधी टंकावी लागते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. म्हणून एकातून दुसऱ्यात रूपांतर करताना वेलांट्या भरकटतात.

आमच्या आचाऱ्यांचा घात मात्र निराळ्या ठिकाणी झाला. अर्ध्या 'र'ची दोन रूपे मराठीत अर्थ बदलतात : 'आचार्य'मधला रफार आणि 'आचाऱ्यां'मधला आडवा र. काही कळफलक हा आडवा र साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून तयार करतात. रूपांतरात किंवा फाईल 'साफ' करताना ते अदृश्य चिन्ह गळाले, की रफार डोक्यावर चढतो आणि आचारी आचार्य होतो! युनिकोडमध्ये 'ऱ' हे स्वतंत्र अक्षरही आहे. त्याला हलन्त जोडला तर अदृश्य चिन्हाची गरजच उरत नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'र'ची कळ दाबली की तो मिळतो. हे आधी ठाऊक असते तर!

दुसरी चूक सर्वस्वी आमची. उपशीर्षक म्हणजे ठळक, मोठी अक्षरे, असे आम्ही समजत होतो. कोणी १६ आकार घेतला, कोणी १८. मधोमध आणण्यासाठी एकाने चक्क स्पेसची कळ दाबत नेली. तळटिपांचे आकडेही हाताने घातलेले. पान बदलताच टिपा मजकुराच्या मध्येच येऊन बसल्या. वर्डमध्ये 'स्टाइल' नावाची सोय आहे. तीत ही ओळ 'शीर्षक', हा 'परिच्छेद' असे नुसते नाव द्यावयाचे. मांडणीच्या इनडिझाइनसारख्या प्रणालीत फाईल आणताना त्या नावांची तिथल्या नावांशी सांगड घालता येते, मग साऱ्या अहवालाची शीर्षके एका फटक्यात सारखी होतात. दिसणे मुद्रकावर सोपवावे; ती ओळ काय आहे, एवढे आपण सांगावे. माझे तीन दिवस केवळ स्पेस पुसण्यात गेले.

छायाचित्रे वर्डमध्ये चिकटवू नयेत, मूळ फाईल वेगळी द्यावी. वर्ड जतन करताना चित्र दाबून लहान करू शकते. मूळ हरवलेच असेल तर एक गंमत आहे : २००७ पासूनची वर्डची फाईल ही खरे तर एक गाठोडे असते. तिच्या प्रतीचे डॉक्स हे शेपूट काढून झिप लावले, की आत 'मीडिया' नावाच्या कप्प्यात सारी चित्रे सापडतात.

दुसऱ्या मुद्रिताच्या वेळी आम्ही दोघे बसलो. एकाने वहीतून मोठ्याने वाचावयाचे, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवावयाचे. रफाराच्या अकरा जागा सापडल्या. बारावी निसटली. त्यामुळे डोंगराळ गावाच्या वर्णनात तेविसाव्या पानावर 'खोल दऱ्या'ऐवजी 'खोल दर्या' उसळतो आहे. शुद्धिपत्राची चिठ्ठी प्रत्येक प्रतीत हाताने चिकटवली आहे. कोणाच्या प्रतीत ती नसेल तर माझ्याकडून घेऊन जावी.