कॅमेऱ्याचा कापडी पडदा : छिद्र बुजवावे की कापड बदलावे?

मागे मुंब्र्याचा एक घड्याळ-दुरुस्ती करणारा तरुण कल्याणला आमच्या दुकानी आला. "चाचा, उजेड आरपार जाणार नाही असे पातळ काळे रेशीम द्या." वडिलांचा जुना झेनिट कॅमेरा, आणि प्रत्येक फोटोत एकाच जागी पांढरा डाग. असे नुसते रेशीम आम्ही कुठून देणार? वीण कितीही घट्ट असो, ताण्या-बाण्यातून उजेड झिरपतोच. तो अडवते कापडावर चढवलेले रबर.

१९२५ च्या लायकापासून १९९७ पर्यंत बनलेल्या पेंटॅक्स के-१००० पर्यंत अनेक कॅमेऱ्यांत असाच पडदा आहे. रुळावर गुंडाळून गुंडाळून रबर तडकते. लायका, झोर्की यांत आरसा नसतो. लेन्स उघडी सूर्याकडे राहिली तर भिंगासारखी पडदा जाळते.

आधी दोष ओळखावा. उजेड फिल्मच्या कडेच्या दातेरी छिद्रांपर्यंत पसरला असेल तर पडदा निर्दोष असू शकतो. मागच्या झाकणाचा फोम बहुधा झिजलेला असतो. डाग चौकटीच्या आतच, त्याच जागी येत असेल तर फिल्म व लेन्स काढून अंधाऱ्या खोलीत बॅटरी लावून पाहावे. आरसा असल्यास कडेने हळूच उचलावा. पडदे दोन असतात : चावी भरल्यावर पहिला समोर येतो, बटण दाबल्यावर दुसरा. दोन्ही तपासावेत.

एखाददुसरे छिद्र असेल तर कापडावर रंगवायचा काळा रंग बारीक ब्रशने अगदी पातळ लावावा. ऑइल पेंट नको, तो कडक होऊन तडकतो. जाड थर दिला तर पडदा जड होतो आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब चुकतो. पूर्ण वाळेपर्यंत चावी भरू नये, नाहीतर पडदा स्वतःलाच चिकटतो.

सगळीकडे तडे असतील तर मात्र कापडच बदलावे. इथे आमचा धंदा कामी येतो : रबरी कापड धाग्याच्या सरळ रेषेत कापावे. तिरके कापले तर ते ओढ खाते, फट वाकडी होते आणि फोटो एका बाजूला फिका पडतो.

गिऱ्हाईकाला ऐब जसा आहे तसा सांगावा. एका छिद्रासाठी पूर्ण पडद्याचे पैसे घेणे जायज कसे?

त्या तरुणाच्या पडद्याला दोनच छिद्रे निघाली. आम्ही कापड विकले नाही, रंगाची बाटली तेवढी शेजारच्या दुकानातून आणवली. पडदाच बदलायची वेळ आली तर सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात विचारायला सांगितले.