बाभळीचा काटा कोठून येतो?

‘काटा म्हणजे फांदीचे रूपांतर होय’ हे उत्तर आपल्या शाळांतून सरसकट पाठ करून घेतले जाते. कागदी लिंबाच्या बाबतीत ते खरे आहे. बाभळीच्या बाबतीत मात्र ते चुकते. आणि ज्या मुलाने बाभूळ नीट पाहिली आहे, त्याचेच बरोबर उत्तर चूक ठरते. ही गोष्ट हलकी मानू नये.

यवतमाळ जिल्ह्यात शेताच्या धुऱ्यावर, नाल्याकाठी बाभूळ सर्वत्र आढळते. तिची कोवळी फांदी हाती घ्यावी. पानाच्या देठाशी डावीउजवीकडे एकेक पांढुरका काटा असून पान त्यांच्या मधोमध असते. सामान्य वनस्पतीत त्या जागी दोन बारीक उपपर्णे असतात. तीच येथे कठीण होऊन काटे बनली आहेत. बोरीचे काटेही याच प्रकारचे. रोप लहान असताना हे काटे लांब असतात, जुन्या झाडावर ते पुष्कळदा नसतातच. शेळीचे तोंड कोठवर पोहोचते, हे लक्षात घेतले म्हणजे याचा उलगडा होतो.

आता वेडी बाभूळ पाहावी. ही मूळची अमेरिका खंडातील. एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली. गुरे तिच्या गोड शेंगा खातात, बी शेणातून पडते व रुजते, त्यामुळे ती झपाट्याने पसरते. हिचेही काटे पुष्कळदा जोडीने असतात, म्हणून नुसते काटे मोजून भागत नाही. ते पानाच्या बगलेत, म्हणजे कळीच्या जागी उगवतात. अर्थात ते फांदीचेच रूपांतर. फुलोऱ्यावरूनही ओळख पटते: बाभळीचा पिवळा, गोल गोंडा; हिचा लांबट, फिकट तुरा.

तिसरी शमी. राजस्थानच्या वाळवंटात हिलाच खेजडी म्हणतात. हिचे काटे पेऱ्याशी न येता मधल्या कांड्यावर कोठेही विखुरलेले असतात. गुलाबाप्रमाणे ते केवळ सालीची वाढ होत.

तिन्ही झाडे शेंगांच्या एकाच शिंबावंत कुलातील, परंतु काट्यांची उत्पत्ती तीन तऱ्हांची! तिन्ही फांद्या शेजारी ठेवून ‘पान कोठे आहे?’ एवढेच विचारावे. व्याख्या मुले स्वतः सांगतील. पान गळले असल्यास त्याची खूण शोधावी.

फांद्या मात्र शिक्षकानेच तोडून आणाव्यात. वेड्या बाभळीचा काटा पायात मोडल्यास जखम चिघळते. अनवाणी मुलांना तिच्याखाली पाठवू नये.