न्याय, नीतिमत्त्व आणि जात्याची तळी : बायबलमधील न्यायकल्पना व मराठी भाषा

बायबलमधील न्यायकल्पनेचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष सामान्यतः शलमोन राजाच्या निवाड्याकडे किंवा अंतिम न्यायाच्या दिवसाकडे जाते. राजा, न्यायासन आणि निर्णय ही प्रतिमा बायबलमध्ये आहे, हे खरेच. तथापि जुन्या कराराच्या विधिग्रंथांत न्याय हा शब्द न्यायासनापेक्षा शेत, बाजार आणि घर यांच्या अधिक जवळ वावरतो. ही दैनंदिनता कोणत्या स्वरूपाची आहे आणि मराठीत येताना तिचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अनुवाद या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात एक आज्ञा आहे : कर्जापोटी कोणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये. जाते अडकले की त्या घरातले दळण थांबते. म्हणजे ऋणकोच्या जगण्याचे साधनच सावकाराच्या हाती जाते. त्याच अध्यायात पुढे सांगितले आहे की, गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असल्यास ते सूर्यास्तापूर्वी परत करावे आणि मजुराची मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताचे कोपरे न कापता सोडावेत, गळालेला सरवा दीनदुबळ्यांसाठी व परक्यांसाठी ठेवावा, वजनेमापे खरी असावीत, असे नियम येतात. तेथेच निवाडा करताना गरिबाकडे झुकू नये आणि बलवानाचीही भीड धरू नये, असेही बजावले आहे. दुबळ्याविषयीची आस्था आणि निवाड्यातील निःपक्षपात या दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात नांदतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या व्यवहारासाठी हिब्रू भाषेत दोन शब्द वारंवार जोडीने येतात : मिश्पात आणि त्सेदाका. पहिल्यात निवाडा, विधी व हक्क हे अर्थ आहेत. दुसऱ्यात नात्याला साजेसे वर्तन, सचोटी आणि ज्याचे त्याला देणे हे अर्थ एकवटलेले आहेत. पांघरूण परत करण्याच्या कृतीला मूळ हिब्रूत त्सेदाका म्हटले आहे. ख्रिस्तपूर्व काळात झालेल्या प्राचीन ग्रीक भाषांतरात मात्र या ठिकाणी दया किंवा दानधर्म सुचविणारा शब्द आला. उत्तरकालीन हिब्रूतही त्सेदाका म्हणजे मुख्यत्वे दान असा अर्थ रूढ झाला आणि अरबीतून उर्दूत आलेला सदका हा शब्द याच धातुकुळातला आहे. देणाऱ्यावर बंधनकारक असलेली गोष्ट त्याच्या औदार्याची कशी होते, याचा इतिहास या एका शब्दाच्या प्रवासात दिसतो.

मराठी बायबलची घडण महाराष्ट्राबाहेर, बंगालमधील श्रीरामपूर येथे सुरू झाली. विल्यम कॅरी यांच्या नेतृत्वाखाली मराठी नवा करार 1811 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील काळात प्रचलित झालेल्या मराठी बायबलमध्ये त्सेदाका आणि ग्रीक दिकाइओस्युने यांच्यासाठी नीतिमत्त्व हा शब्द प्रामुख्याने स्थिरावला. शब्द भारदस्त आहे. पण मराठी कानाला तो व्यक्तीच्या शीलाकडे नेतो. उलट, न्याय हा शब्द कचेरीकडे नेतो. मराठीत सामान्य माणूस न्याय मागतो, त्याला न्याय मिळतो. न्याय करणारा वा देणारा बहुधा अधिकारी असतो. आमोस आणि मीखा या ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातील संदेष्ट्यांची मागणी याहून व्यापक आहे. आमोस ज्यांच्यावर आघात करतो, त्यांत मापे लहान करून वजने वाढविणारे आणि गव्हाची भुसकट विकणारे व्यापारीही आहेत. मीखा न्यायाने वागण्याची अपेक्षा कोणा एका न्यायाधीशाकडून नव्हे, तर माणसाकडून करतो. या अर्थाच्या जवळ जाणारे रास्त, वाजवी, हक्काचे हे शब्द मराठीच्या बाजारात आणि शेतात होतेच. धर्मभाषेत त्यांना मध्यवर्ती स्थान लाभले नाही.

नव्या करारातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी कामावर घेतलेल्या सर्वांना मळेवाला एकच दीनार देतो. दीनार ही त्या काळची सर्वसाधारण एका दिवसाची मजुरी. सकाळपासून राबलेल्यांची तक्रार अवाजवी म्हणता येत नाही. परंतु संध्याकाळी आलेल्यालाही घरी पूर्ण दिवसाची भूक आहे. श्रमाचे माप आणि गरजेचे माप यांतील ताण हा दाखला मिटवीत नाही, तो वाचकाच्या पुढ्यात ठेवतो.

मराठी ख्रिस्ती साहित्यात या न्यायाची भाषा सिद्धान्तापेक्षा संसाराच्या तपशिलांतून अधिक प्रकटली. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ (1857) या कादंबरीत विधवांच्या हालअपेष्टा हाच धर्मचिकित्सेचा विषय होतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला. त्यात जातिभेद सुटण्याची कथा पाणी, स्वयंपाक आणि पंगत यांच्या पातळीवर घडते. समतेचा निर्णय चुलीपाशी होतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम आयुष्याच्या अखेरपर्यंत केले; ते संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. दुष्काळातून आणलेल्या मुली व विधवा यांच्यासाठी केडगावी उभे राहिलेले मुक्तिसदन आणि हे भाषांतर एकाच आयुष्यात घडले, हा संबंध केवळ चरित्रापुरता मानता येणार नाही.

तथापि या परंपरेचा केवळ गौरव करून भागणार नाही. हेच विधिग्रंथ परकीय दासांच्या मालकीला मुभा देतात. भारतीय चर्चमध्येही जात टिकून राहिली. 1981 मध्ये बंगळूर येथे अरविंद निर्मल यांनी जो विचार मांडला, त्यातून पुढे दलित ईश्वरविद्येला चालना मिळाली. निर्मल यांनी अनुवाद ग्रंथातील सव्विसाव्या अध्यायाचा आधार घेतला, हे अर्थपूर्ण आहे. तेथे उपासक आपले पूर्वज भटके होते, मिसर देशात दास होते, याचे स्मरण करतो. सरव्याच्या आज्ञेमागेही हेच कारण दिले आहे : तुम्हीही दास होता. न्यायाचा पाया येथे करुणेत नसून स्मृतीत आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा विशिष्ट धर्मांपुरता मर्यादित राहिला. 1956 मध्ये शिखांचा व 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही स्मृती ग्रंथापुरती राहत नाही.

भाषांतराचा प्रश्न म्हणूनच शब्दकोशापुरता उरत नाही. पांघरूण परत करणाऱ्याला दयाळू म्हणावे, नीतिमान म्हणावे की त्याने दुसऱ्याचे दुसऱ्याला दिले एवढेच म्हणावे, यावर ते पांघरूण घेणाऱ्याचे स्थान ठरते. पहिल्या शब्दात तो याचक होतो, दुसऱ्यात तो अदृश्य होतो. तिसऱ्यात मात्र तो हक्कदार असतो.