बिऱ्हाड हलविताना वाटेचा विचार

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिच्यातला विंचू खरोखर सुखी म्हटला पाहिजे. ओझे त्याच्याच अंगचे असल्यामुळे जेथे तो मावतो तेथे त्याचे बिऱ्हाडही मावते. माणसाचे तसे नाही. तो मोटारीतून दोन गावांमधले अंतर सहज काटतो. पण त्याच्या कपाटांना, पेट्यांना, हंड्यांना व गाद्यांना त्याच वाटेने नेऊ लागला, की ती वाट परकी वाटू लागते. भाड्याच्या मालमोटारीतून एका गावचे बिऱ्हाड दुसऱ्या गावी न्यावयाचे असता वाटेचा विचार कसा करावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता. काही वर्षांपूर्वी आमच्या आईचे बोर्ली पंचतन येथील घर आवरून तिला कायमचे पुण्यास आणण्याचा प्रसंग आला, तेव्हा मी व माझे थोरले बंधू दोघांनी मिळून आखलेला बेत पहिल्या दोनशे पावलांतच फसला. त्या दिवशी जे शिकलो तेच आज क्रमाने सांगतो.

बोर्ली पंचतन हे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील गाव. एका बाजूस दिवेआगर, दुसऱ्या बाजूस दिघी बंदर. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर मुंबई येथून सरळ उत्तरेस दिसते. परंतु कोकणात सरळ रेषेवर विसंबू नये. मध्ये राजपुरीची खाडी आडवी पडली आहे. दिघीहून आगरदांड्यास वाहने नेणारा जंगर आहे खरा. पण पलीकडे उतरल्यावर मुरूड, रेवदंडा, अलिबाग या बाजूचा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून व गावांतून अरुंद होत जातो. लहान मोटारीस ही सहल आहे, लादलेल्या गाडीस नव्हे. यास्तव बिऱ्हाडाची गाडी आधी पूर्वेकडे वळते. म्हसळे, नंतर साई-मोर्ब्याच्या बाजूने माणगाव, आणि तेथे मुंबई-गोवा महामार्ग. मुंबईस जाणारा तेथून उत्तरेस कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण, पनवेल असा जातो. पुण्यास जाणाऱ्यास मात्र माणगावी निवड करावी लागते. निजामपूरवरून ताम्हिणी घाट चढून मुळशी-पौडमार्गे जावे, की कोलाड, वाकण, पाली, खोपोली असा वळसा घेऊन बोरघाट चढावा? पहिली वाट बोर्लीपासून सुमारे १६० किलोमीटर पडते. दुसरी त्याहून सुमारे पन्नास किलोमीटरांनी लांब. तिसरी एक वाट महाडहून वरंध घाटाने भोरकडे चढते; पण पावसाळ्यात ती जड वाहनांना पुष्कळदा बंद असते, म्हणून तिचा भरवसा धरू नये.

आता गाडी. अमेरिकेत भाड्याची मालमोटार यजमान स्वतःच हाकतो; आपल्याकडे बहुधा गाडीबरोबर चालकही येतो. याचा अर्थ असा, की वाट ठरविणारे दोघे असतात: एक सामानाचा धनी आणि एक चाकाचा धनी. दोघांची गाठ आदल्या दिवशीच पडली पाहिजे. लोक ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात तो लहान टेम्पो एका खोलीच्या सामानास पुरतो. दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडास चौदा फुटी ट्रक लागतो. पुण्याहून माल घेऊन आलेली व रिकामी परतणारी गाडी स्वस्त पडते. मात्र तिच्या निघण्याची वेळ तुमच्या हातात राहत नाही. भाडे ठरविताना टोल, हमाली आणि खोळंब्याचे तास कोणाकडे, हे तोंडी न ठेवता कागदावर लिहून घ्यावे. आणि एक विचारावयास विसरू नये: घाट चुकवून लांबच्या वाटेने जावे लागले तर जादा किती? हा आकडा आधी ठरला नाही, तर आयत्या वेळी शहाणपणाची वाट पैशाच्या वादात सापडते.

आम्ही स्वस्ताईकडे पाहिले व चौदा फुटी गाडी ठरविली. मे महिन्यातला बेत लांबत लांबत जूनच्या अखेरीवर गेला होता. आईला मधुमेह, तिचे इन्सुलिन शीतपेटीत घालून मोटारीत तिच्या मांडीवर ठेवावयाचे ठरले. बंधूंचे म्हणणे होते, की एवढी पेटी कशाला, ट्रकमधल्या फ्रिजमध्येच राहू द्यावे. आईने ते मानले नाही. त्या दिवशी तिचा हा एक हट्ट आमच्या सगळ्या बेताहून शहाणा ठरला.

सकाळी सहाला निघावयाचे म्हणून गाडी पहाटेच आली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली. दोन्ही बाजूंस जांभ्या दगडाचे गडगे, वर आंब्याची फांदी, तिच्याखाली विजेची तार. घरापासून पुण्यापर्यंतचे दीडशेवर किलोमीटर आम्ही मोजले होते. घरापासून सडकेपर्यंतची दोनशे पावले मोजली नव्हती! शेवटी शेजारचा एक लहान टेम्पो आणून, शेजाऱ्यांच्या खांद्यांवरून व त्या टेम्पोच्या चार फेऱ्यांतून सामान सडकेवर गेले. त्यात अडीच तास मोडले.

यावरून पहिला नियम असा, की वाट दारापासून दारापर्यंत मोजावी. गाडीची उंची व रुंदी चालकास विचारावी, तेवढ्या उंचीची काठी घेऊन गल्लीतून एकदा चालून यावे, आणि वळणावर गाडी वळेल की नाही हे चालकास स्वतः पाहू द्यावे. मोठी गाडी येत नसेल तर लहान टेम्पो आदल्या दिवशीच सांगून ठेवावा. हेच पोहोचण्याच्या ठिकाणीही करावे.

दुसरा नियम सामान लादण्याचा; वाटेशी त्याचा संबंध नाही असे समजू नये. वळणावर गाडी कलते ती वजनापेक्षा वजनाच्या उंचीने. जड वस्तू तळाशी, पुढच्या बाजूस व दोन्ही अंगांना सारख्या विभागून ठेवाव्यात. हलक्या वस्तू वर. आमच्या आईचा पाटा-वरवंटा घेण्यावरून घरात थट्टा झाली होती. पण चालकाने तो मागून घेतला व कपाटाच्या पायाशी दाबून बसविला. फ्रिज उभाच न्यावा. कपाटे दोरांनी गाडीच्या अंगाशी जखडावीत. पावसाळ्यात एक ताडपत्री वरून व एक खाली अंथरावी. स्वयंपाकाच्या वायूची टाकी सामानात घालू नये. ती वितरकाकडे परत करून कागद घ्यावा, म्हणजे नव्या गावी जोडणी मिळते. आणि सामानावर माणसे बसवू नयेत. ते धोक्याचेही आहे व बेकायदेशीरही.

गाडी तिच्या ठरीव वजनापलीकडे लादली तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. परंतु दंडाहून मोठी शिक्षा घाटात मिळते. उतारावर गाडीचा वेग आवरताना तिची सारी शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ब्रेक फार तापले की धरीनासे होतात. म्हणून जुने चालक सांगतात, की ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक कितीही स्वस्त असला तरी महाग समजावा.

तिसरा नियम वेळेचा. निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजू नये. पोहोचण्याच्या वेळेपासून मागे मोजावे. पुण्यातील आमच्या गृहसंस्थेत सामानास उद्वाहक वापरण्याची मुभा संध्याकाळी सहापर्यंत. उतरविण्यास तीन तास धरले, म्हणजे गाडी तीनला दारी हवी. लादलेली गाडी घाट व गर्दी धरून ताशी पंचवीस किलोमीटरांहून अधिक सरासरी देत नाही. १६० किलोमीटरांस साडेसहा तास झाले. जेवणाखाण्यास एक, अडीअडचणीस दीड. म्हणजे सकाळी सहाला निघणे आले. हा हिशेब आम्ही बिनचूक केला होता. निघालो मात्र साडेआठला.

येथे हंगामाचाही विचार हवा. गणेशोत्सवाच्या आधी मुंबई-गोवा महामार्गावर जड वाहनांना दरवर्षी ठरावीक दिवस बंदी असते. त्या महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून रेंगाळत आले आणि माणगावच्या बाजारपेठेत सुटीच्या दिवशी गाड्यांच्या रांगा ही नित्याची गोष्ट झाली. ताम्हिणीत पावसाळी शनिवार-रविवारी धबधबे पाहणाऱ्यांची झुंबड उडते. यास्तव बिऱ्हाडाला मधला वार निवडावा आणि माणगाव बाजार भरण्यापूर्वी ओलांडावे.

चौथा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाट एकच ठरवू नये. दोन ठरवाव्यात, आणि त्यांतली कोणती घ्यावयाची याचा निर्णय कोठे, केव्हा व कोणी करावयाचा हेही ठरवावे. बोर्लीहून पुण्यास जाताना ते ठिकाण माणगाव. तेथे घाटातून उतरून आलेले चालक भेटतात, एसटीची माणसे भेटतात. वर काय चालले आहे ते कळते. एकदा घाटात शिरल्यावर दूरध्वनी लागेलच असे नाही आणि लादलेली गाडी वळविण्यास जागा सापडेलच असे नाही.

आम्ही साडेदहाला माणगावी पोहोचलो तेव्हा पाऊस कोसळत होता. बंधू म्हणाले, उशीर झालाच आहे, ताम्हिणीनेच जाऊ. पन्नास किलोमीटर वाचतील. चालक दोघा-तिघांशी बोलून आला आणि आईच्या खिडकीशी उभा राहिला. म्हणाला, "आजी, वर धुकं दाटलंय, रस्त्यावर पाणी वाहतंय. मोकळी गाडी असती तर गेलो असतो. हा लोड घेऊन मी चढणार नाही."

बंधूंनी भाड्याची, वेळेची, उद्वाहकाची गोष्ट काढली. आईने त्यांना थांबविले. "ज्याच्या हातात चाक, त्याचं ऐकावं," एवढेच ती बोलली.

आम्ही खोपोलीच्या वाटेस लागलो. बोरघाटातून चाकाच्या गाड्यांची सडक १८३० साली खुली झाली. पुढे तिचे रूप पालटत गेले, द्रुतगती मार्गही झाला. तेथे चढ आहे, गर्दीही आहे. पण रस्ता रुंद आहे, आणि गाडी बंद पडली तर मदत जवळ आहे. ओझे घेऊन निघालेल्याने अंतरापेक्षा या मदतीचे मोल अधिक मानावे.

त्या दिवशी ताम्हिणीत काही अघटित घडले का? नाही. दुपारनंतर पाऊस उघडला आणि घाटातून गाड्या सुखरूप गेल्या. बंधू आजही ते बोलून दाखवितात. मला मात्र चालकाची चूक झाली असे वाटत नाही. निर्णय त्या वेळी माहीत असलेल्या गोष्टींवर तोलावयाचा असतो. मागाहून कळलेल्या गोष्टींवर नव्हे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, तेव्हा त्यावरून निघालेल्या दोन एसटी गाड्यांतील लोकांना रोजचीच वाट वाटत होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि झाडे कोसळून श्रीवर्धन-म्हसळ्याकडचे रस्ते अडले. कोकणातल्या पावसाळ्यात परिचयाची वाट हीच भरवशाची वाट, असे धरून चालता येत नाही.

आमची खरी चूक घाटात नव्हतीच. पुण्यास पोहोचलो ते सायंकाळी सव्वासहाला. फाटकावरच्या रखवालदाराने वेळ दाखविली, उद्वाहक बंद. ट्रक उतरवून सारे सामान रात्रभर तळमजल्यावर ताडपत्रीखाली राहिले. फ्रिजला त्या रात्री वीज मिळाली नाही. वळशाचे दोन तास आमच्या दीड तासाच्या सवडीत जवळजवळ सामावले असते, आणि उरलेल्या अर्ध्या तासाची रखवालदाराने गय केली असती; गल्लीतले अडीच तास मात्र कशातच सामावणारे नव्हते. शेजारच्या बाईंनी आईला आपल्या घरी गादी घालून दिली. रात्री जेवणापूर्वी तिने मांडीवरची शीतपेटी उघडली, इन्सुलिन घेतले, आणि आम्हा दोघांकडे पाहून काही बोलली नाही.

म्हणून पाचवा नियम: ज्यावाचून एक रात्र निघणार नाही, ते ट्रकमध्ये घालू नये. औषधे, कागदपत्रे, दागिने, एक पांघरूण, एक जेवणाचे भांडे माणसाबरोबर असावे. पोहोचण्याच्या गावी गाड्यांना शहरात शिरण्याच्या वेळा, गृहसंस्थेचे नियम व हमालांची सोय आदल्या दिवशी विचारून ठेवावी. वापरातल्या घरगुती सामानास ई-वे बिल लागत नाही. तरी सामानाची याद करून तिची एक प्रत चालकाकडे व एक आपल्याकडे असू द्यावी. रस्त्यात कोणी विचारले तर ती उपयोगी पडते आणि उतरविताना काय राहिले तेही कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांच्या आधी वर चढविला गेला तो पाटा-वरवंटा. तो स्वयंपाकघरात नीट मांडून झाल्यावर आईने विचारले, "तो ट्रकवाला पोचला का रे घरी?"

आम्हा दोघांपैकी कोणी ते विचारले नव्हते. आमच्या बेतात त्याची परतीची वाट धरलेलीच नव्हती. श्रोतेहो, आपण आपला बेत आखाल तेव्हा तीही धरावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.