परकी मदत आणि बाळंतिणीची खाट

परदेशी मदत म्हटली की धरणे, धान्याची जहाजे आणि मोठाली यंत्रे आपल्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी ती एका सुईणीचा पगार, औषधांची पेटी आणि रुग्णवाहिकेचे इंधन एवढ्याच रूपाने पोचते. ती थांबली म्हणजे पहिल्याने कोणाचे दार बंद होते, हे अफगाणिस्तानच्या उदाहरणावरून नीट कळते.

ऑगस्ट २०२१ मध्ये तेथे तालिबानची सत्ता आली. छळाला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रियांची आश्रयगृहे बंद पडली. डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठाची बंदी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सुईणीचे शिक्षणही थांबवले गेले. पुरुष डॉक्टरकडे जाणे बहुतेकींना रूढीने कठीण. म्हणजे आज आहे ती सुईण हाच आधार, आणि तिच्या जागी उद्या दुसरी तयार व्हायची नाही.

अशा वेळी २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवसांसाठी रोखली. मार्चमध्ये त्यांच्या सरकारी मदतसंस्थेच्या ८३ टक्के योजना रद्द झाल्या. ४ मार्चपर्यंत अफगाणिस्तानात १६७ आरोग्यकेंद्रे बंद झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. ही मदत परतली नाही, तर २०२५ ते २०२८ या काळात तेथे १,२०० जादा माता दगावतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज होता.

हे घडते कसे? बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला, तर बाई दोन-तीन तासांतही जाऊ शकते. तो रोखणारे ऑक्सिटोसिन थंड ठेवावे लागते. पगार थांबला की सुईण नाही, इंधन थांबले की थंडावा नाही आणि गाडीही नाही. साखळीची एक कडी तुटली की सारी साखळी निकामी!

दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. बाळाच्या औषधाचे निमित्त करून आलेली स्त्री बंद खोलीत सुईणीपाशी मारहाणीची गोष्ट बोलते. दवाखाना मिटला की ती बोलण्याची जागाही मिटते.

कारखान्यात टाळेबंदी झाली, तर यंत्रे वाट पाहतात. बाळंतपण वाट पाहत नाही. म्हणून आम्ही कामगार नोटिशीच्या मुदतीसाठी भांडतो, तोच न्याय येथेही लावावा. कोणत्याही देणाऱ्यावर देण्याची सक्ती नसेल. पण दुसरी सोय होईपर्यंतची मुदत त्याच्याकडून आधीच लिहून घेतली पाहिजे. दयेवर चाललेली खाट एका सहीने उचलली जाते. हक्काची खाट उचलायला कारण द्यावे लागते.